संकरित वनस्पतींतील जनुकाभिव्यक्ती
दोन भिन्न जनकांची जनुके एकाच पेशीत नांदू लागली म्हणजे प्रत्येकाचा अंमल किती चालावा, हे त्या जनकांतील आनुवंशिक तफावतीवर पुष्कळसे अवलंबून असते. अमेरिकेतील बी ७३ व एमओ १७ या मक्याच्या अंतःप्रजात वाणांच्या संकरात बहुसंख्य जनुकांची अभिव्यक्ती जनकांच्या सरासरीजवळ राहते; मात्र जी तफावत जनुकालगतच्या नियंत्रक क्रमात असते ती संकरातही त्या जनकाकडील प्रतीपुरतीच टिकते, आणि जी दूरस्थ जनुकाने घडविलेल्या नियंत्रक प्रथिनात असते ती दोन्ही प्रतींवर सारखीच परिणाम करते, हा भेद विशेष मोलाचा होय. एकाच जनकात कार्यरत असणारी अनेक जनुके संकरात एकत्र येतात, म्हणून त्यातील कार्यरत जनुकांची संख्या कोणत्याही जनकाहून अधिक भरते. संकर जनकांहून अधिक जोमदार का ठरतो, या संकरजोमाचा पूर्ण उलगडा मात्र एवढ्याने होत नाही.