पाळणा आणि कायदा

मनुष्य जन्मास येताच कायद्याच्या कक्षेत येतो, असा सामान्य समज आहे, आणि मिळकतीपुरता तो खराही आहे. गर्भस्थ अपत्याचा वडिलार्जित वाटा आपल्या धर्मशास्त्राने राखून ठेवला. इंग्रजी न्यायाधीशांनीही तो मान्य केला. परंतु तेच मूल दिवसभर असते कोठे, आई कामावर गेली असता त्याला सांभाळतो कोण, त्याच्या बुद्धीला पहिले वळण लावण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांकडे कायद्याचे लक्ष फार उशिरा गेले. आणि गेले तेव्हाही त्याची दृष्टी मुलावर नव्हती, मुलाच्या आईवर होती. आज पाळणाघर आणि बालवाडी हे शब्द सुशिक्षित कुटुंबांच्या नित्य बोलण्यात आले आहेत. म्हणून त्यांच्यामागील कायद्याचा इतिहास थोडक्यात पाहावा, असे आम्हांस वाटते.

या इतिहासाचे दोन उगम आहेत आणि ते दोन्ही युरोपात आहेत. पॅरिसमधील एका विभागाचे उपनगराध्यक्ष फिर्मिन मार्बो हे गरिबांच्या शाळांची पाहणी करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, दोन वर्षांवरील मुलांसाठी आश्रयशाळा आहेत, त्यांहून मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा आहेत. मात्र अंगावर पिणाऱ्या मुलासाठी काहीच नाही. त्यांनी १८४४ साली मजूर स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी एक घर उघडले आणि त्यास 'क्रेश', म्हणजे गव्हाण, असे नाव दिले. येशूला जन्मतः ज्या गव्हाणीत निजविले तिची ही आठवण होती. प्रवेशाची अट अशी की, आई गरीब असावी, घराबाहेर कामास जाणारी असावी आणि वर्तनाने चांगली असावी. मुलाला पाळणा मिळायचा, पण परीक्षा आईची!

दुसरा उगम जर्मनीतला. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. त्यांच्या विचारात आईच्या मजुरीचा प्रश्न मुख्य नव्हता. खेळ हाच बालकाचा उद्योग आणि त्या उद्योगातूनच त्याचे मन फुलते, हे त्यांचे तत्त्व होते. या संस्थेवर सरकारची पहिली मोठी नजर पडली ती मात्र बंदीच्या रूपाने. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने बालोद्याने नास्तिक व समाजवादी मतांचा प्रसार करतात असे ठरवून ती बंद केली. फ्रोबेल यांच्या पुतण्याच्या लिखाणाचा राग काकांच्या शाळांवर निघाला, असे इतिहासकार सांगतात. फ्रोबेल दुसऱ्याच वर्षी वारले आणि बंदी १८६० साली उठली. येणेप्रमाणे पाळणाघर जन्मले ते श्रमाच्या प्रश्नातून आणि बालशाळा जन्मली ती शिक्षणाच्या प्रश्नातून. हे दोन प्रवाह हिंदुस्थानात आले तेही निरनिराळ्या वाटांनी. कायद्याने ते कधी एकत्र वाहू दिले नाहीत, हेच आमच्या या लेखाचे मुख्य म्हणणे आहे.

श्रमाचा प्रवाह आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांतून आला. कोकणातून व घाटावरून आलेल्या हजारो स्त्रिया गिरणीतील रहाटावर बसत. घरी सांभाळणारे वडीलधारे माणूस गावी राहिलेले. चाळीच्या खोलीत मूल एकटे टाकावे कसे? यावर त्या काळी रूढ झालेला उपाय म्हणजे बाळगोळी. अफूचा अंश असलेली ही गोळी दिली की मूल दिवसभर निपचित पडून राही. त्या मातांना निर्दय म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. पोटच्या पोराला गुंगी देऊन पोटासाठी जाणे हा निर्दयपणा नव्हे, ती लाचारी होती. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भके दगावल्याची सरकारी नोंद आहे. बाळंतपणासाठी कित्येक स्त्रिया गावी जात, त्यामुळे मुलाचा जन्म गावी व्हावा आणि मृत्यूची नोंद मात्र मुंबईत व्हावी, असे घडे. म्हणून हा आकडा वास्तवाहून फुगलेला आहे, हे खरे. तथापि ती फूग काढून टाकली तरी जे उरते तेही अंगावर काटा आणण्यास पुरेसे आहे.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीतील स्त्रियांना प्रसूतिकाळी भत्ता देण्याचे विधेयक चर्चेस आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादिले. १९२९ साली तो कायदा झाला, परंतु भत्त्याचा बोजा मालकांवरच राहिला. त्याच वर्षी नेमलेल्या व्हिटले कमिशनमध्ये आपले नारायण मल्हार जोशी सभासद होते. या कमिशनने १९३१ च्या अहवालात कारखान्यांतील पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कारखान्यांच्या कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे मुलांसाठी खोली राखून ठेवावयास लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला; सक्ती मात्र केली नाही. ती आली स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कायद्याच्या ४८ व्या कलमाने. खोली हवेशीर व उजेडाची असावी, ती मुलांच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या ताब्यात असावी, तेथे धुण्याची सोय, मुलांना दूध अथवा खाऊ आणि मध्यंतरी आईला पाजण्याची सवड असावी, असा या कलमाचा व त्याखालील नियमांचा आशय होता. सहा वर्षांखालील मूल हिंदुस्थानच्या कायद्यात इतक्या मायेने पूर्वी कधी उल्लेखिले गेले नव्हते.

परंतु त्या मायेला एक आकडा चिकटलेला होता. पन्नासांहून अधिक स्त्रिया असल्या तरच पाळणा! एकावन्नाव्या स्त्रीच्या भरतीने मालकावर खोली बांधण्याचा, दाई नेमण्याचा, दूध आणण्याचा खर्च पडे; ती एक स्त्री कमी घेतली की सर्व खर्च वाचे. १९७६ साली हा आकडा तीसवर आणला गेला, तेव्हा मोह तेवढा एकतिसाव्या स्त्रीपाशी येऊन थांबला. गिरण्यांतून स्त्रिया हळूहळू नाहीशा झाल्या, त्याची कारणे अनेक आहेत: रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे, खात्यांची फेररचना. सगळा दोष या एका कलमाला देणे अन्यायाचे होईल. तरीही ज्या कायद्यात मुलाच्या सोयीची किंमत आईच्या नोकरीत मोजावी लागते, तो कायदा आईला आणि मुलाला एकमेकांच्या विरुद्ध उभे करतो, असे म्हणणे आम्हांस भाग आहे.

पुढे मळ्यांच्या, खाणींच्या, विडी कामगारांच्या, इमारत बांधणाऱ्यांच्या कायद्यांतून हेच कलम थोड्याफार फरकाने फिरत राहिले. १९५२ च्या खाणींच्या कायद्याने स्त्रियांच्या संख्येची अट घातली नाही, हे त्यास भूषणावह आहे. विडीच्या १९६६ च्या कायद्याची कथा उलट. पाळणाघर कारखान्याच्या जागेत असावयाचे, आणि सोलापुरातील विड्या वळल्या जात त्या बहुतांशी घरोघरी, तंबाखूच्या सुपाशेजारी मूल निजवून. इमारतींच्या कामावर तर कायदा येण्याच्या आधी माणसे आली. १९६९ साली दिल्लीत गांधीशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालले असता, धुळीत पडलेली मजुरांची मुले पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच एका तंबूत पाळणाघर थाटले. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी कायदा झाला तो १९९६ साली, म्हणजे ती मुले स्वतः आईबाप झाल्यावर!

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. भावनगरचे गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. वकिली सोडून त्यांनी १९२० साली बालमंदिर उघडले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ते काम महाराष्ट्रात आणले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांत आपला प्रयोग नेला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात गेले पाहिजे, या साध्या विचारातून अंगणवाडी जन्मली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या सर्व कामास कायद्याचा आधार कोठेच नव्हता. १९४४ च्या सार्जंट अहवालाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दहा लक्ष जागांची योजना सुचविली. ती कागदावरच राहिली.

मग राज्यघटना आली. तिच्या ४५ व्या कलमात दहा वर्षांच्या आत सर्व मुलांना चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे लिहिले होते. वाचकांनी हे शब्द नीट पाहावे. वरची मर्यादा चौदा. खालची मर्यादा कोठेच नाही. म्हणजे घटनाकारांच्या शब्दांत तीन वर्षांचे मूलही सामावत होते. २००२ साली शहाऐंशीवी दुरुस्ती झाली आणि शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, म्हणून सर्वत्र आनंद झाला. परंतु तो हक्क दिला सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. सहाच्या आतील मूल ४५ व्या कलमातच मागे राहिले, जेथे राज्याने 'प्रयत्न करावा' इतकेच म्हटले आहे आणि ज्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अकराव्या कलमानेही तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वशिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल' असे म्हटले. 'करील' म्हटले नाही. एका क्रियापदाच्या रूपावर कोट्यवधी मुलांचे भवितव्य अडून राहावे, हे कायद्याच्या भाषेचे सामर्थ्य म्हणावे की दारिद्र्य?

हक्काच्या जागी आली ती योजना. २ ऑक्टोबर १९७५ रोजी तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली आणि ताराबाईंची अंगणवाडी देशभर पोहोचली. हे काम मोठे आहे, यात शंका नाही. परंतु योजना आणि कायदा यांत दान आणि देणे यांइतका फरक असतो. दान थांबले तर हळहळता येते. देणे थकले तर मागता येते. हा फरक ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून निरनिराळे हुकूम काढून अंगणवाड्या सर्व वस्त्यांत नेण्यास सरकारला भाग पाडले आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील आहार हा मुलाचा हक्क झाला. त्या मुलाला गाणे शिकविणे, रंग ओळखविणे, त्याच्या प्रश्नांना उत्तर देणे हा मात्र अद्याप हक्क नाही. ताटातली खिचडी कायद्यात आली, पाटी बाहेर राहिली. शिकविणाऱ्या सेविकेस वेतन नव्हे, मानधन मिळते. तिला ग्रॅच्युइटी देय आहे हे ठरण्यासही २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

कायद्याला मूल मोजता येतच नाही, असे मात्र नाही. मळ्यांच्या कायद्यात १९८१ साली दुरुस्ती होऊन, स्त्रिया पन्नास नसल्या तरी त्यांची मुले वीस असली की पाळणाघर हवे, असे ठरले. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली की त्यांना सांभाळण्यास एक स्त्री मजुरी देऊन नेमावी, असे सांगितले. येथे कायद्याने प्रथमच आईकडून नजर काढून मुलाकडे पाहिले. २०१७ साली प्रसूतिलाभाच्या कायद्यात पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेस पाळणाघर सक्तीचे झाले. आकड्यात पुरुषही आले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहिता अंमलात येऊन १९४८ चा कायदा निवृत्त झाला, तेव्हा हीच रीत पुढे चालू राहिली. स्त्रीला नोकरीवर घेणे म्हणजे पाळण्याचा खर्च ओढवणे, हे समीकरण यामुळे मोडले, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि दिवसातून चार वेळा मुलास पाहून येण्याची मुभा त्या कायद्यात आईलाच आहे. बापाचा पाय पाळणाघराकडे वळेल, ही कल्पना कायद्याला अजून सुचलेली नाही.

आकड्याची भिंतही अद्याप उभीच आहे. ज्या देशात बहुसंख्य स्त्रिया शेतात, रस्त्यावर, स्वतःच्या वा परक्याच्या घरात राबतात, तेथे पन्नासांची अट म्हणजे बहुसंख्य मुलांस दार बंद. याचा दाखला शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या वाचकांच्या घरीही धुणीभांडी करण्यास, स्वयंपाकास, कधी तर आपली मुले सांभाळण्यासही एखादी बाई येत असेल. आपले घर हे तिचे कामाचे ठिकाण आहे. मालक आपण आहोत. आणि आपल्या आस्थापनेतील कामगारांची संख्या एक. आपले मूल ती पाहते त्या वेळी तिचे मूल कोण पाहते, हे विचारण्यास आपणांस कोणतेही कलम भाग पाडीत नाही. तिच्या वस्तीतील अंगणवाडी दुपारपूर्वीच मिटते आणि तिची कामे सायंकाळपर्यंत चालतात. बालशाळा आणि पाळणाघर हे दोन प्रवाह वेगळे राहिल्याचा अर्थ व्यवहारात हा असा आहे.

मुलाची भूक, झोप आणि जिज्ञासा यांची वाटणी निसर्गाने निरनिराळ्या खात्यांत केलेली नाही. ती आपण केली आहे. आईचा कारखाना कोणता, तेथे माणसे किती, हे न विचारता प्रत्येक वस्तीत, कामाचे तास संपेपर्यंत उघडे राहणारे, सांभाळणारे आणि शिकविणारेही एक घर प्रत्येक बालकाचे देणे आहे, असे ज्या दिवशी कायदा म्हणेल, त्या दिवशी मार्बोंची गव्हाण आणि ताराबाईंचे अंगण एकत्र येईल. तोपर्यंत निदान आपल्या दारी येणाऱ्या त्या एका मुलाची गणती तरी आपण करावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.