जिन्नस मेक्सिकोचा, नाव फारसी : ठाण्यातील घरगुती स्वयंपाकाचा एक ऐतिहासिक शोध

ठाणे शहरातील खोपट हा भाग बाहेरगावच्या माणसाला तेथील एस.टी. स्थानकामुळे ठाऊक असतो. या स्थानकापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडाव्यात अशा तीन खुणा आहेत. टेंभी नाक्यावर पारशी समाजाची अग्यारी आहे. पाचपाखाडीतील एका रस्त्याने अल्मेडा हे पोर्तुगीज वळणाचे आडनाव जपले आहे. पूर्व द्रुतगती मार्गावरील चौकाला चॉकलेटच्या कारखान्यावरून 'कॅडबरी जंक्शन' हे नाव पडले आहे, आणि चॉकलेट हे मुळात प्राचीन मेक्सिकोतील पेय होय. इराण, पोर्तुगाल आणि मेक्सिको यांची नावे एका दमात घेण्यास एरवी सबळ कारण लागते. खोपटच्या आसपास ते सहज सापडते.

गेल्या काही दशकांत वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि पाककृतींच्या पुस्तकांतून 'मेक्सिकन भात', 'इराणी पुलाव' यांसारखे पदार्थ मराठी घरांत आले. पोळीत राजमा गुंडाळायचा, वर टोमॅटो-कांदा-मिरचीची कच्ची चटणी घालायची, की झाला मेक्सिकन पदार्थ. तांदळात केशर आणि सुका मेवा पडला की तो इराणी. गृहिणी हे पदार्थ 'नवे' म्हणून करतात आणि घरातील वडीलधारी मंडळी ते 'परके' म्हणून बाजूला सारतात. प्रस्तुत लेखाचा विषय या नवेपणाची तपासणी हा आहे. इराण आणि मेक्सिको हे दोन्ही प्रदेश आपल्या स्वयंपाकघरात शतकांपूर्वीच येऊन बसले आहेत. मात्र ते दोन अगदी भिन्न रीतींनी आले, आणि या भिन्नतेमुळे एकाची आठवण राहिली व दुसऱ्याची पुसली गेली, असे येथे मांडावयाचे आहे.

इराणचे येणे

इराणशी ठाण्याचा संबंध समुद्रमार्गे होता. शिलाहारांची राजधानी असलेल्या श्रीस्थानकाच्या परिसरात, साष्टी बेटावरील कान्हेरीच्या लेण्यांत, इ.स. १००९ आणि १०२१ या वर्षांचे पहलवी लिपीतील लेख आहेत. लेणी पाहावयास आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तेथे कोरून ठेवली. पुढे सुमारे १३२१ मध्ये ओदोरिक हा इटालियन ख्रिस्ती भिक्षू होर्मुझहून गलबतात बसला आणि अठ्ठावीस दिवसांत ठाण्यास उतरला, असे त्याच्या प्रवासवृत्तावरून दिसते. अठ्ठावीस दिवस हे त्या काळी फार मोठे अंतर नव्हे. या मार्गाने माणसे, घोडे, खजूर, सुका मेवा आणि हिंग ये-जा करीत.

माणसे आली म्हणून शब्द आले. पुढे बहमनी आणि आदिलशाही-निजामशाही राजवटींत फारसी ही दरबाराची भाषा असल्याने या शब्दांना प्रतिष्ठाही मिळाली. माधवराव पटवर्धन (माधव ज्यूलियन) यांचा 'फार्शी-मराठी कोश' १९२५ साली प्रसिद्ध झाला. फारसीचा मराठीवरील ठसा किती खोल आहे, हे अशा कोशांवरून कळते. स्वयंपाकघरापुरते पाहिले तरी बर्फी (बर्फ म्हणजे हिम), गुलकंद, पुलाव, मैदा, पुदिना, जर्दाळू, किसमिस, बदाम, पिस्ता हे शब्द फारसी आहेत. मसाला, मुरंबा, सरबत, हलवा हे मूळ अरबी असले तरी फारसीच्या हातून आपल्याकडे पोचले. दालचिनी हे नाव तर विशेष लक्षणीय आहे. फारसीत त्याचा अर्थ 'चीनचे लाकूड' असा होतो. कोकणापासून मलबारापर्यंतच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या सालीला आपण इराणी माणसाच्या नजरेने पाहून दिलेले चिनी नाव वापरतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही!

शिवकालात तयार झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'ने राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यात उपभोगाच्या वस्तूंसाठी 'भोग्यवर्ग' हे स्वतंत्र प्रकरणही आहे. कचेरीच्या भाषेवर या प्रयत्नाचा काही परिणाम झाला. स्वयंपाकघर मात्र त्याला बधले नाही. जिलबीचे उदाहरण येथे बोलके आहे. तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंध असलेल्या रघुनाथ नवहस्त यांच्या 'भोजनकुतूहल' या सतराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात आंबवलेल्या पिठाचे वळे तळून पाकात सोडण्याची कृती दिली आहे आणि त्या पदार्थाला 'कुंडलिका' असे शुद्ध नाव दिले आहे. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलबीचा इतिहास लिहिताना या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. कुंडलिका हे नाव ग्रंथात राहिले. पंगतीत आजही जिलबीच वाढली जाते.

शब्दांमागोमाग कृतीही आल्या. अबुल फजल याच्या 'आईन-इ-अकबरी' या सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ग्रंथात 'जर्द बिरिंज' म्हणजे पिवळा भात याची कृती आहे. दहा शेर तांदळाला पाच शेर खडीसाखर, तूप, बेदाणे, बदाम, पिस्ते, थोडे आले आणि केशर असे तिचे प्रमाण आहे. इराणमध्ये आजही 'शोले जर्द' ही केशरी तांदळाची खीर घरोघरी होते. आपला केशरी भात ज्याने खाल्ला आहे त्याला या दोहोंची ओळख करून द्यावी लागणार नाही. लवंग आणि वेलची आपली, केशराची आणि पिस्त्याची कल्पना त्यांची.

हिंगाची गोष्ट निराळी आहे. त्याचे नाव फारसी नव्हे, ते संस्कृत 'हिंगु'पासून आले. पण वस्तू इराण-अफगाणिस्तानच्या डोंगरांतील. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५६३ च्या आपल्या ग्रंथात येथील लोकांच्या आहारातील हिंगाच्या सार्वत्रिक वापराची नोंद करतो. पालघाटी हिंगाच्या डब्या घरोघरी असूनही कच्चा हिंग कायम आयात होत राहिला. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात शास्त्रज्ञांनी त्याची लागवड सुरू केली ती २०२० मध्ये. मराठी वरणाची रोजची फोडणी इतकी शतके इराणी-अफगाणी डिंकावर अवलंबून होती, ही बाब आहाराच्या इतिहासात पुरेशा गांभीर्याने नोंदली गेलेली नाही.

मेक्सिकोचे येणे

मेक्सिकोतून येथे माणूस आला नाही. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, ठाणेही त्यांच्या अमलाखाली आले आणि मराठ्यांनी १७३७ मध्ये ते जिंकून घेईपर्यंत तेथेच राहिले. या दोन शतकांत, विशेषतः १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या छत्राखाली असताना, नव्या जगाची बियाणी पश्चिम किनाऱ्यावर उतरली. पॅसिफिक महासागरातून आकापुल्को ते मनिला अशी स्पॅनिश जहाजांची फेरी १५६५ पासून १८१५ पर्यंत चालू होती, हा दुसरा मार्ग. बियाणे आणणाऱ्या खलाशाला ते पिकवणाऱ्या नाहुआ शेतकऱ्याची भाषा अवगत नव्हती आणि शिजवण्याची रीत तर मुळीच नव्हती. त्यामुळे जिन्नस आला, नाव व कृती मागे राहिल्या.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बटाटा, शेंगदाणा, काजू ही दक्षिण अमेरिकेची देणगी असून ती मेक्सिकोच्या खात्यावर टाकणे योग्य नाही. मिरची, मका, टोमॅटो, पपई, चिकू आणि राजगिरा यांचा मात्र मेक्सिको व त्याला लागून असलेल्या मध्य अमेरिकेशी थेट संबंध आहे. यांची मराठी नावे पाहावीत. मिरचीला मिरीवरून नाव मिळाले. मक्याच्या नावात लोकांनी मक्का शहर पाहिले, म्हणजे मेक्सिकोच्या मुख्य धान्याला पश्चिम आशियाचा पत्ता मिळाला. टोमॅटो हा शब्द नाहुआट्ल भाषेतील 'तोमात्ल'चा वंशज खरा, पण तो आपल्याकडे इंग्रजांमार्फत आला. वऱ्हाडात त्याला भेदरे म्हणतात. या बाबतीत इराणी माणूस अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. तो टोमॅटोला 'गोजे फरंगी', म्हणजे फिरंगी आलुबुखार, असे म्हणून मोकळा होतो.

'आईन-इ-अकबरी'तील पाककृतींत मिरची नाही. याचा अर्थ ज्या शाही स्वयंपाकाला आपण 'मसालेदार' समजतो तो मिरी आणि आल्यावर चालत होता. वसई-ठाणे पट्ट्यातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचा 'बाटली मसाला' मात्र वाळलेल्या मिरच्यांवाचून संभवत नाही. पारशी घरातील धानसाक हा तर दोन्ही प्रवाहांचा मिलाफ आहे. डाळीत मांस शिजवण्याची धाटणी इराणशी नाते सांगणारी आणि त्यातील लाल भोपळा, मिरची, टोमॅटो हे अमेरिकेचे.

या सर्वांत राजगिऱ्याचा इतिहास सर्वाधिक विचार करावयास लावणारा आहे. माठ वर्गातील पालेभाज्या आपल्याकडे जुन्या आहेत. दाण्यासाठी पिकवला जाणारा राजगिरा मात्र मेक्सिकोत माणसाळवला गेला, असे बहुसंख्य वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. जोनाथन सॉअर यांनी १९५० मध्ये या धान्याच्या इतिहासाचा विस्तृत आढावा घेतला होता. अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मध किंवा घायपाताच्या जातीच्या वनस्पतीचा पाक घालून देवांच्या मूर्ती घडवीत आणि विधीच्या शेवटी त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना यात आपल्या पवित्र भोजनविधीची विटंबना दिसली आणि त्यांनी या विधीवर कठोर प्रहार केला. तरीही फुललेला राजगिरा आणि गुळासारखी 'पिलोन्सिय्यो' साखर यांची वडी मेक्सिकोत टिकून राहिली. तिला 'अलेग्रिया', म्हणजे आनंद, म्हणतात.

आपल्याकडे तीच वस्तू एकादशीला खातात. कढई चांगली तापवायची, मूठभर राजगिरा टाकून कापडाच्या बोळ्याने हलवत फुलवायचा, चाळून न फुललेला दाणा वेगळा करायचा आणि गुळाच्या पक्क्या पाकात घालून ओल्या हाताने लाडू वळायचे. दोन्ही कृतींत फरक म्हणावा तर आकाराचा. हे साम्य बियाण्याबरोबर आलेल्या ज्ञानाचे की एकाच दाण्याने दोन ठिकाणी शिकवलेल्या युक्तीचे, हा प्रश्न खुला आहे. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, कारण इतर कोणत्याही मेक्सिकन जिनसाबरोबर कृती आलेली दिसत नाही. उपवासाला गहू-तांदूळ चालत नाही आणि राजगिरा, मिरची, बटाटा, शेंगदाणा, रताळे चालते. सोवळ्यातले हे ताट जवळजवळ पूर्णपणे अमेरिकी आहे!

कृती मागे राहण्याची किंमत काही देशांनी फार जबर मोजली. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळून, धुऊन, मग पाट्यावर वाटतात. त्यामुळे त्यातील नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. ही प्रक्रिया न घेता नुसता मका उचलणाऱ्या स्पेन आणि इटलीच्या गरीब शेतकऱ्यांत अठराव्या शतकात पेलाग्रा हा रोग फैलावला. सातपुड्यातील भिल्ल-पावरा घरांत मक्याची भाकरी रोजची असते, पण चुना पानाच्या डबीतच राहतो. घरी 'टॉर्टिया' करू पाहणाऱ्यांनी मैद्याऐवजी हा चुन्याचा संस्कार शिकून घेतला, तर ते अनुकरण सार्थ ठरेल.

घोलवडचा चिकू

हे दोन्ही प्रवाह जुन्या ठाणे जिल्ह्यात एका ठिकाणी प्रत्यक्ष भेटतात. एकोणिसाव्या शतकात काजार राजवटीतील छळ, १८७१ च्या सुमारचा दुष्काळ आणि जिझिया कर यांमुळे यझ्द व केरमान भागांतील जरथुष्ट्री कुटुंबे मुंबई इलाख्यात आली. हा कर १८८२ मध्ये रद्द झाला खरा, पण स्थलांतर थांबले नाही. यांपैकी काहींनी मुंबईत चहाची दुकाने काढली, ती आपल्या परिचयाची 'इराण्याची हॉटेले'. काही कुटुंबे मात्र डहाणू-घोलवडला जमिनी घेऊन राहिली आणि त्यांनी चिकूच्या बागा वाढवल्या. मेक्सिकोचे फळ आणि इराणचा बागाईतदार अशी ही जोडी. चिकू हे नावही नाहुआट्ल मुळाकडे नेता येते. मूळ नावाचा अवशेष राखणाऱ्या मोजक्या जिनसांपैकी ते एक. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि २०१६ मध्ये डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले.

या कथनात एक पात्र गाळले जाते. या पट्ट्यातील जमिनीवर राबणारे हात वारल्यांचे होते. पारशी, इराणी, सवर्ण हिंदू अशा सर्वच जमीनदारांकडील वेठ आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्पिढ्या चालणारी 'लग्नगडी'ची गुलामी यांविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकात त्याचे अनुभव आले आहेत. शब्दकोश चाळून इराण सापडतो आणि वनस्पतिशास्त्राच्या आधारे मेक्सिको सापडतो. वारली मात्र या दोन्ही साधनांत सापडत नाही. बागांतील वृद्ध मजुरांच्या मुलाखती, त्यांच्या घरांतील चिकूचा वापर, बागाईतदाराच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या चुलीपर्यंत काय गेले आणि काय उलट दिशेने आले, यांची नोंद अद्याप व्हावयाची आहे. खोपटहून लाल गाडीने निघालेल्या विद्यार्थ्याला हे काम एका दिवाळीच्या सुटीत सुरू करता येईल, आणि ठाणे-पालघरच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी ते हाती घेण्यास आणखी दहा वर्षांचा विलंब केला, तर ज्यांच्याकडे विचारावयाचे ती पिढी राहणार नाही.