रडार शलाका व पर्जन्यमापन
हवामान रडारची सूक्ष्मतरंग शलाका सरळ रेषेत जात नाही. उंचीनुसार हवेची घनता व बाष्प घटत असल्याने ती किंचित खाली वाकते. म्हणून तिची उंची काढताना पृथ्वीची त्रिज्या ४/३ पट धरतात. तरीही ०.५° कोनातील शलाका २०० किमी. अंतरावर सुमारे ४ किमी. उंच गेलेली असते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा बराचसा पाऊस उथळ ढगांतून पडतो, तो अशा वेळी तिच्या खालीच राहतो. ही उणीव गंभीर आहे.

जमिनीलगत थंड, दमट आणि वर उष्ण, कोरडी हवा असल्यास शलाका अधिक वाकून जमिनीला वा समुद्राला भिडते व पडद्यावर नसलेला पाऊस उमटतो.

रडार पाऊस थेट मोजत नाही. परतलेल्या ऊर्जेवरून तो अनुमानतो. मार्शल व पामर यांचे १९४८ चे सूत्र यासाठी प्रसिद्ध आहे. ही ऊर्जा थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढते, त्यामुळे मोजके टपोरे थेंबही अंदाज फुगवतात. वितळत्या हिमकणांचा थरही तसाच फसवा. उलट मुसळधार पावसात ५ सेंमी. तरंगलांबीची शलाका क्षीण होते, १० सेंमी.ची बरीच टिकते. त्यामुळे रडारचे आकडे पर्जन्यमापकांशी ताडून घ्यावेच लागतात.