शकुंतला आणि रिलीज ट्रेन

कारंज्याच्या माणसाला 'रिलीज ट्रेन' म्हटलं की शकुंतलाच आठवणार! मूर्तिजापूर ते यवतमाळ, 113 किलोमीटर, अडीच फुटी नॅरोगेज. वाशिम जिल्ह्यातलं आमचं कारंजा याच लाईनवर. किलिक निक्सन कंपनीने इंग्रजांच्या काळात ती टाकली, वऱ्हाडातला कापूस ब्रॉडगेजपर्यंत, तिथून मुंबई आणि पुढे मँचेस्टरला न्यायला. आता गाडी बंद आहे, पण आमच्या धंद्यातल्या एका पद्धतीचा इतिहास सांगायला मला ती फार उपयोगी पडते.

तर 1986 साली ताकेउची आणि नोनाका या जपानी प्राध्यापकांनी होंडा, कॅनन वगैरे कंपन्या नवं उत्पादन कसं काढतात यावर लेख लिहिला. छोटी टीम, सगळ्या खात्यांची माणसं एकत्र, रग्बीसारखा चेंडू पास करत पुढे जायचं. 'स्क्रम' शब्द तिथूनच आला. 2001 मध्ये अमेरिकेत युटाला 17 जणांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. गंमत बघा, कारखान्यातली कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आली आणि मोठी होऊन पुन्हा कारखान्यात गेली.

कारण आठ-दहा जणांची टीम ठीक, पण ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीत शेकडो इंजिनियर असतात. स्क्रीनवाले वेगळे, जीपीएसवाले वेगळे, इंजिन कंट्रोलरवाले वेगळे. प्रत्येकाचं काम 'झालं', पण ट्रॅक्टरवर एकत्र चालत नाही. आणि पेरणी तर कोणासाठी थांबत नाही! 2011 साली डीन लेफिंगवेल यांनी 'सेफ' ही पद्धत मांडली. 50 ते 125 माणसांची एक 'ट्रेन', 8 ते 12 आठवड्यांचं वेळापत्रक, सुरुवातीला सगळ्यांनी मिळून दोन दिवस नियोजन. कोणाचं काम कोणावर अडलंय ते भिंतीवर लाल दोऱ्याने दाखवायचं. जॉन डिअरच्या अमेरिकेतल्या विभागाने ती लवकर उचलली. ग्राहकाच्या तक्रारी सोडवायचा वेळ 42 टक्के आणि वॉरंटीचा खर्च 50 टक्के घटला म्हणतात. आकडे पद्धत विकणाऱ्यांनीच छापलेले, तेव्हा जरा बेतानेच घ्यावेत.

तो लाल दोरा म्हणजे आमचं मूर्तिजापूर. अडीच फुटी गाडीतला माल तिथे उतरवून साडेपाच फुटी गेजच्या वाघिणीत भरावा लागे. मधल्या स्टेशनांवर गाडी कितीही पळवा, खोळंबा जंक्शनवरच. मोठ्या कंपनीतही तसंच. टीमचा वेग वाढवून फार काही होत नाही, दोन टीममधली हमाली कमी करावी लागते. दोन दिवसांच्या त्या नियोजनाला मी पूर्वी नाकं मुरडायचो, पण त्याचा खरा फायदा हाच.

मग गाडी बसते कुठे? शकुंतलेकडेच बघा. शेवटच्या काळात सात-आठ माणसं तिकीट विकण्यापासून सिग्नल देण्यापर्यंत आणि इंजिन जोडण्या-सोडण्यापर्यंत सगळं करायची. यापेक्षा भारी टीम कुठे मिळणार? पण देशभरच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाईन सुटली. रूळ खाजगी कंपनीचे, गाडी चालवणार भारतीय रेल्वे. रुळांवर पैसा कोणी घालायचा? रूळ खराब होत गेले आणि गाडीचा वेग उतरत गेला. 1921 चं वाफेचं इंजिन 1994 मध्ये काढून डिझेल लावलं, पण रूळ तेच!

आमच्याकडे (कंपनीचं नाव नको) नेमकं हेच झालं. ट्रेन आली, भिंत आली, लाल दोरे आले. पण बजेट, भरती आणि 'हो-नाही' म्हणायचा अधिकार जुन्या खातेप्रमुखांकडेच राहिला. डिझेल इंजिन लावलं, रूळ दुसऱ्याचेच. वर्षभरात चांगली पोरं सोडून गेली. दोष मात्र पद्धतीवर आला.

म्हणून कोणी नवी पद्धत आणतो म्हणाला की मी वेळापत्रक विचारत नाही. रूळ कोणाचे, एवढंच विचारतो.