थंडीत सहा वाजता उठवत का नाही? कशेळ्याच्या अंधाराचा आणि घड्याळाचा इतिहास

मागच्या डिसेंबरात माझं धावणं बंद पडलं. प्रबंधाचं लेखन शांतपणे व्हावं म्हणून मी ऑक्टोबरात घरी, कशेळ्याला येऊन राहिले होते. साडेपाचला गजर, सहाला नाक्यावरून आंबिवलीच्या रस्त्याने निघायचं, पाऊण तासात परत, आठला टेबलाशी. ऑक्टोबरभर हे छान चाललं. बाहेर पडेपर्यंत फटफटायला लागलेलं असायचं आणि भीमाशंकरच्या डोंगराची कड दिसू लागलेली असायची. दिवाळी झाली, थंडी आली आणि गजर बंद करून कुशीवर वळण्याचे दिवस सुरू झाले. आधी धावणं गेलं, मग आठची वेळ नऊवर गेली, मग दहावर. गाइडना पाठवायचं प्रकरण तीनदा पुढे ढकललं.

तुमच्यापैकी अनेकांचं असं होत असणार. आपण त्याला एकच नाव देतो, आळस. मीही तेच दिलं होतं. गंमत अशी की एम.एस्सी.नंतर मी विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले आणि माझा विषय आहे वेळमापन. मुंबई इलाख्यात घड्याळं कशी बदलली यावर मी दिवसभर लिहीत होते, आणि रोज सकाळी जे घड्याळ मला हरवत होतं त्याच्याकडे मात्र बघत नव्हते. हा लेख त्याबद्दल आहे.

कशेळ्यात सहा म्हणजे किती?

आधी थोडी आकडेमोड. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. कशेळं साधारण ७३.४ अंशांवर आहे. फरक ९.१ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने कशेळं घड्याळाच्या ३६ मिनिटं मागे आहे. माझ्या मोबाइलवर सहा वाजतात तेव्हा सूर्यासाठी इथे पाच चोवीसच झालेले असतात.

यात ऋतूची भर पडते. जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या मध्यावर सव्वासातच्या आसपास. त्यात कशेळ्याच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी, त्यामुळे प्रत्यक्ष ऊन अंगावर यायला आणखी वेळ लागतो. म्हणजे जूनमध्ये सहाला उठणारी मी उजेडात उठते आणि जानेवारीत सहाला उठणारी मी जवळजवळ रात्रीच उठते. गजर तोच, शिस्तही तीच, पण मागणी सव्वा तासाने जास्त.

आजी हे कधी करत नसे. वालाच्या शेंगा तोडायला जायचं तर उन्हं येऊन दव उडाल्यावर. तिला कुणी आळशी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मग ‘सहा म्हणजे सहाच’ हा नियम आला कुठून?

कर्जत स्टेशनवरची वेळ आणि मुंबईची वेळ

तो रेल्वेबरोबर आला. कर्जतपर्यंत गाडी १८५६ मध्ये पोहोचली आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून थेट पुण्याकडे जाऊ लागली. त्या काळी प्रत्येक शहर आपापल्या सूर्यावर चालत असे. पण गाडीला दर स्टेशनावर वेगळी वेळ ठेवून कसं चालेल? म्हणून रेल्वेने देशभरासाठी मद्रास टाइम धरला. मुंबईची स्वतःची वेळ, म्हणजे ‘बॉम्बे टाइम’, त्याच्या अर्धा तास मागे होती. स्टेशनावर एक वेळ, शहरात दुसरी, असा हा प्रकार अनेक वर्षं चालला.

१८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लावून पाहिला. शहराने तो स्वीकारला नाही आणि १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. खरा स्फोट झाला तो पुढे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती.

तारीख नीट बघा. जानेवारी! वर्षातल्या सगळ्यात उशिरा उजाडणाऱ्या सकाळींचे दिवस. गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आल्यापासून कामाचे तास आधीच लांबले होते, कारण आता मालकांना उजेड संपण्याची वाट बघावी लागत नव्हती. (कापड गिरणीतल्या पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा कायद्याने आली ती १९११ मध्ये.) अशा वेळी भोंगा सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी वाजणार, म्हणजे चाळीतून अंधारात, थंडीत आणखी लवकर निघायचं. जानेवारी १९०६ मध्ये हजारो गिरणी कामगारांनी काम नाकारलं आणि गिरण्यांवर दगड फेकले. शहरात पंधरा हजारांहून जास्त लोकांनी नव्या वेळेविरुद्ध अर्जावर सह्या केल्या. व्हॅनेसा ओगल यांनी वेळेच्या जागतिक इतिहासावरच्या आपल्या २०१५ च्या पुस्तकात या प्रकरणाला महत्त्वाची जागा दिली आहे, आणि त्याआधी जेम्स मॅसेलोस यांनी ‘बॉम्बे टाइम’वर स्वतंत्र निबंध लिहिला होता.

या प्रकरणाकडे बहुतेक वेळा स्वदेशीच्या काळातला राग म्हणून पाहिलं जातं. तो होताच. वंगभंगाला जेमतेम तीन महिने झाले होते. पण मला वाटतं, त्यात एक अगदी शारीरिक तक्रारही होती: आमची झोप तुम्ही आमच्या न कळत कापू नका. कोकणातून आणि घाटावरून मुंबईला आलेली ही माणसं सूर्यावर उठायला शिकलेली होती. त्यांना उठायचा कंटाळा नव्हता, अंधारात उठवलं जाण्याचा राग होता. मुंबई महापालिकेने त्याच वर्षी आपली घड्याळं पुन्हा बॉम्बे टाइमवर आणली आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं शहरात ती वेळ टिकून होती.

अजून एक हिवाळा सांगते, आपल्याच डोंगरातला. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे केलं. त्या हिवाळ्यात कर्जतच्या घड्याळात सूर्य आठनंतर उगवत होता! नेमका त्याच हिवाळ्यात माथेरानचे भाई कोतवाल यांचा आझाद दस्ता कर्जत-मुरबाडच्या रानात विजेचे मनोरे पाडत हिंडत होता. २ जानेवारी १९४३ ला, याच डोंगररांगेत कशेळ्याच्या उत्तरेला असलेल्या सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. सरकारी घड्याळात किती वाजले याचा रानातल्या त्या माणसांना काय उपयोग असणार, असं मला नेहमी वाटतं. त्यांना उजेड आणि अंधार एवढंच बघायचं होतं.

शरीर कोणाचं ऐकतं?

आता माझ्या जुन्या विषयाकडे, विज्ञानाकडे येऊ. १७२९ मध्ये ज्याँ-जाक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखी, रात्री पानं मिटणारी वनस्पती अंधारात ठेवली. पानं तरीही दिवसाच्या वेळेला उघडत राहिली. म्हणजे घड्याळ आतच होतं. ते पेशीत कसं चालतं हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

पण आतलं घड्याळ रोज जुळवावंही लागतं, आणि ते काम मुख्यतः प्रकाश करतो. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डोळ्याच्या पडद्यात काही पेशी स्वतःच प्रकाश टिपतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. सकाळचा उजेड मिळाला की घड्याळ जागेवर येतं. तो उशिरा मिळाला की तेही मागे रेंगाळतं.

माझ्यासाठी कळीचा अभ्यास २००७ चा आहे, जर्मनीतला, टिल रोनेबर्ग यांच्या गटाचा. सगळ्या जर्मनीत घड्याळ एकच. तरी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाल तशी लोकांची झोपेची वेळ दर अंशामागे सुमारे चार मिनिटांनी उशिरा सरकत जाते, अगदी सूर्यासारखी. लहान गावांत हे जास्त स्पष्ट दिसतं आणि मोठ्या शहरांत पुसट होतं. म्हणजे माणसं सरकारी घड्याळात जगतात, पण त्यांची शरीरं सूर्याला धरून असतात. १९०६ च्या कामगारांनी दगड फेकून जे सांगितलं, ते शंभर वर्षांनी आलेखात उतरलं.

मग मी काय केलं?

गजर काढून टाकला नाही, पण सरकवला. डिसेंबर-जानेवारीत मी सातला निघायचं ठरवलं. पहिल्याच आठवड्यात फरक पडला. रस्ता दिसत होता, कुत्री दिसत होती, आणि एकटीने अंधारात पळायची धास्ती गेली. ही धास्ती मी इतके दिवस स्वतःशीही कबूल केली नव्हती, तिलाही आळसच म्हणत होते. गंमत म्हणजे पळायला आपल्याकडे यापेक्षा चांगला ऋतू नाही. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत होते ती उगाच नाही. गार हवेत शरीराला उष्णता बाहेर टाकायला सोपं जातं.

दुसरं, आमच्या शेजारच्या काकूंना सोबत घेतलं. त्या चालतात, मी पळते. पण सातला त्या फाटकाशी शाल गुंडाळून उभ्या असतात, त्यामुळे मला अंथरुणात वाटाघाटी करता येत नाहीत. तिसरं, एखादा दिवस बुडाला तर सगळं संपलं असं मानणं सोडलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं, पण माणसागणिक फरक फार मोठा होता. आणि एखादी खेप चुकल्याने त्यात विशेष बिघाड होत नव्हता. ‘एकवीस दिवसांत सवय’ हे विसरा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मला गजर सरकवता आला, कारण माझं काम टेबलावरचं आहे. बाबांनी नोकरीची सगळी वर्षं पहाटेच्या अंधारात टमटम धरून कर्जत लोकल गाठली. दिवाळीनंतर आमच्या भागातली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, आणि तिथलं काम उजाडायची वाट बघत नाही. त्यांना कुणी ‘मोटिव्हेशन’चा सल्ला देत नाही. सूर्याबरोबर उठायला मिळणं ही आज मुभा आहे, आणि ती कोणाला आहे, कोणाला नाही, हा प्रश्न १९०६ इतकाच अजून जिवंत आहे.

तिळातिळाने

शेवटी आजीचं एक वाक्य. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असं ती म्हणायची. बारावीत मी तिला ऐकवलं होतं की सगळ्यात लहान दिवस २२ डिसेंबरच्या आसपास असतो, संक्रांतीला नव्हे. तेव्हा मला अर्धंच माहीत होतं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे या दिवसांत एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत चोवीस तासांहून काही सेकंद जास्त लागतात. म्हणून २२ डिसेंबरनंतर संध्याकाळ लांबत जाते, पण सकाळ मात्र आणखी उशिराच होत राहते. आपल्या अक्षांशावर सूर्योदय मागे वळतो तो जानेवारीच्या मध्यावर, म्हणजे अगदी संक्रांतीच्या आसपास. पहाटे उठणाऱ्या बाईच्या दृष्टीने आजीचं बरोबर होतं.

तुम्हीही हिशेब करून बघा. तुमच्या गावाचा रेखांश ८२.५ मधून वजा करा आणि चारने गुणा. नागपूरला सुमारे १४ मिनिटं येतील, कोल्हापूरला ३३, मुंबईला ३९. सकाळी स्वतःला बोल लावण्याआधी तेवढी मिनिटं वजा करा.

माझं प्रकरण संक्रांतीनंतर दहा दिवसांनी गाइडना गेलं. चौथ्यांदा ढकललं नाही.