पळशीकरांचा वर्ग आणि आपली रिकामी बाकं

कुठल्याही कार्यकर्त्याला आंबेडकरी कवींची नावं विचारा, एका दमात वीस सांगेल. चित्रकारांची विचारली की जयंतीचा बॅनर रंगवणाऱ्या पोराचं नाव येतं आणि गाडी तिथेच थांबते. असं का झालं, याला इतिहास आहे. तो समजून घ्यायचा तर एका मास्तरांच्या वर्गात डोकवावं लागेल.

शंकर पळशीकर यांचा जन्म १९१७ चा, साकोलीचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले, १९४७ पासून तिथेच शिकवू लागले आणि १९६८ ते १९७५ या काळात तिथले अधिष्ठाता होते. अकबर पदमसी, प्रभाकर बरवे, प्रभाकर कोलते हे त्यांचे विद्यार्थी. बरव्यांच्या कॅनव्हासवर मोकळ्या अवकाशात कपड्यांचा चिमटा, घड्याळ, पीस अशा साध्या वस्तू दिसतात. कोलत्यांकडे वस्तूच नाही, रंगावर रंगाचे थर आहेत. दोघांचं एकमेकांशी जुळत नाही आणि मास्तरांशीही जुळत नाही. शिष्यांना आपली नक्कल करू न देणारा मास्तर दुर्मीळ असतो, पळशीकर तसे होते. कोलत्यांनी पुढे स्वतः जे. जे.त दोनेक दशकं शिकवलं, म्हणजे ही साखळी पुढेही चालली.

हे आपल्याला माहीत हवं. 'अमूर्त चित्रं म्हणजे पोट भरलेल्यांचे चाळे' असं आपल्यातले काही मित्र म्हणतात, ते आम्हाला मान्य नाही. प्रयोग करणं हा कुणा एका जातीचा मक्ता नाही. आमचा सवाल वेगळाच आहे, त्या वर्गात बसायला मिळालं कोणाला?

जे. जे. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर आहे. त्याच रस्त्यावर पुढे फोर्टात बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेलं सिद्धार्थ महाविद्यालय आहे. एकाच रस्त्यावरच्या या दोन इमारती. पळशीकर अधिष्ठाता असताना, १९७२ मध्ये, याच शहरात दलित पँथर उभी राहिली, 'गोलपिठा' आला. नामदेव ढसाळ आपल्या आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचे. बालपण मुंबईच्या कामाठीपुऱ्यात गेलं, टॅक्सी चालवली. कवितेला वही आणि पेन पुरलं. चित्राचं तसं नाही. रंग, ब्रश, कॅनव्हास, आणि कमाई नसलेली चार-पाच वर्षं. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या पोराला बाप म्हणणार, बी.ए. कर, नोकरीला लाग. त्या बापाचं काय चुकलं? म्हणून साहित्यात बंड झालं आणि चित्रकलेच्या वर्गात आपली बाकं रिकामी राहिली.

गंमत अशी, की त्या वर्गात आपला वारसा आधीच जाऊन बसला होता. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून जे. जे.च्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. पुढे तिथे भारतीय शैलीचा वर्ग निघाला. जगन्नाथ अहिवासी तो चालवत आणि पळशीकर त्यांचेच विद्यार्थी. म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या लेण्यांतली रेषा मुंबईच्या वर्गात 'भारतीय शैली' म्हणून शिकवली गेली. शैली घेतली, विचार भिंतीवरच ठेवला. लेण्याद्रीला बौद्ध विहारात गणपती बसला, सातव्या लेण्यात, त्याचाच हा शहरी प्रकार म्हणायचा.

या कोंडीतून वाट काढली ती सवी सावरकर यांनी. आडनाव ऐकून दचकू नका, हे नागपूरचे बौद्ध, जन्म १९६१ चा. नागपूरला चित्रकला शिकले, बडोद्याला मुद्राचित्रण शिकले आणि दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये अध्यापक झाले. गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू बांधलेला पेशवाईतला अस्पृश्य त्यांनी पुन्हा पुन्हा काढला. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचं निर्मूलन'मध्ये पुण्याचा हाच दाखला दिला आहे. देवदासी काढली, मनू काढला. ती रेषा ओरखडल्यासारखी आहे. ती नुसत्या रागातून येत नाही. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कशी खायची हे बडोद्यात शिकल्यावरच ती तशी मोडता येते. आणि हाच माणूस पुढे कलाशिक्षक झाला, हे आम्हाला त्यांच्या चित्रांइतकंच मोठं वाटतं.

आता आपल्या तालुक्यांकडे या. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. इथल्या शिलालेखांत बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी आहेत, इरिल आणि चिट असे यवन दाते आहेत. तुळजा लेण्यात गोल चैत्यगृह आहे, स्तूपाभोवती बारा खांब. लांबट, कमानदार चैत्यगृहांची चाल असताना कुणीतरी डोंगरात गोल आकार कोरून पाहिला. त्याला प्रयोग नाही तर काय म्हणायचं? दात्यांची नावं दगडावर राहिली. छिन्नी धरणाऱ्यांना ती कुणी धरायला शिकवली, ते कुठे लिहिलेलं नाही.

त्याच डोंगराखालच्या वस्त्यांतली पोरं आमच्याकडे येतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा कशासाठी, तर दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून, एवढंच त्यांना माहीत असतं. आमच्या पाहण्यातल्या बऱ्याच शाळांत चित्रकलेचा तास गणिताला जातो. घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वर, महादेव कोळ्यांच्या वाड्यांत तर चित्रकलेचे शिक्षक भेटणंच अवघड. हातात कला असलेलं पोर मग फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर फोटो कापत बसतं.

आपल्या विहारांत धम्मवर्ग चालतात, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका चालतात. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एक तास कमी केला तर पन्नास पोरांना वर्षभर पुरेल एवढा कागद आणि कोळसा येतो. आर्ट टीचर डिप्लोमा करून नोकरीची वाट बघणारी आपलीच मुलं गावोगाव आहेत. त्यांना रविवारी विहारात बोलवा, पोरांना तुळज्याला न्या, आणि बुद्धाचा फोटो समोर ठेवून 'हुबेहूब काढा' एवढं मात्र सांगू नका.