श्रींच्या पेटीचा सांधा

जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत शिखर, सभामंडप, दीपमाळ यांचे वर्णन येतेच. सुताराच्या कामाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून श्रींची वस्त्रे ठेवण्याच्या जुन्या सागवानी पेटीच्या कोपऱ्यांविषयी चार शब्द लिहितो.

हे कोपरे खिळ्यांनी जोडलेले नाहीत. एका फळीच्या टोकास मुळाशी अरुंद व पुढे रुंद असे दात कापून ते दुसऱ्या फळीच्या खाचांत बसविले आहेत. आकार पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखा, म्हणून इंग्रजीत यास डव्हटेल म्हणतात. आपल्याकडचे सुतारही आता तोच शब्द वापरतात. फळी ओढली तरी दात सुटत नाही. उतार फार दिला तर दाताचे कोपरे तुटतात, कमी दिला तर पकड राहत नाही. कठीण लाकडात आठास एक हे माप सर्वमान्य आहे.

हा सांधा ४००० वर्षांहून जुना. प्राचीन इजिप्तच्या पेट्यांत तो आहे. तेथील मंदिरांत तर दोन चिऱ्यांमध्ये दोन्ही टोकांस रुंद असे लाकडी तुकडे बसवीत. काहींवर राजाचे नावही कोरलेले सापडले आहे. देवाच्या कामाशी या आकाराचे नाते असे फार जुने!

इंग्लंडात १७ व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ड्रॉवर बहुधा खिळ्यांनीच जोडीत. उत्तरार्धात हा सांधा रूढ झाला. पुढे दर्शनी बाजूस दात दिसू नयेत म्हणून खाच आरपार न नेता पातळ पडदा राखू लागले. १८६७ साली अमेरिकेत चार्ल्स नॅप यांनी सांधा कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याचे दात अर्धगोल, मध्ये गोल खुंटी, आणि सारे एकसारखे.

आपल्या पेटीचे दात एकसारखे नाहीत, आणि आखणीची बारीक रेघ अजून दिसते. हे करवत व पटाशीचे, हाताचे काम आहे.

आता एक कोपरा ढिला झाला असून खिळे मारून लोखंडी पट्टी ठोकावी, अशी सूचना आली आहे. हेतू चांगला, पण माझा विरोध आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. या सांध्यात दोन्ही फळ्या एकाच दिशेने हलतात, म्हणून तो टिकतो. खिळा ते हलणे अडवितो, दात चिरतो, शिवाय गंजतो. पेटी मोडीत काढण्याचे तर बोलूच नये.

जुन्या कामात सरस असतो व तो उष्णतेने आणि ओलाव्याने मऊ होतो. जाणत्या सुताराकडून सांधा हलक्या हाताने सोडवून घ्यावा, जुना सरस काढावा, तुटलेल्या दातास सागाचाच तुकडा जोडावा, नवा सरस लावून कोपरा गुण्याने तपासावा आणि दोरीने आवळून एक दिवस तसाच ठेवावा.